न शिवता केलेले निदान

दलित साहित्याच्या चर्चेत 'वेदना' हा शब्द आपण इतक्या वेळा उच्चारला आहे, की त्याचा आता मंत्र झाला आहे. वेदना, विद्रोह, नकार ही त्रयी परीक्षेच्या पेपरात लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला वेदना म्हणजे एक वाङ्मयीन संज्ञा वाटते. पण वेदना आधी शरीरात असते. ती पाठीत असते, गुडघ्यात असते, रक्तात असते. गटारात उतरणाऱ्याच्या फुप्फुसात असते, ऊसतोड करणाऱ्या बाईच्या ओटीपोटात असते. कागदावर येईपर्यंत तिने शरीराचा बराच भाग खाऊन टाकलेला असतो.

हे दुखणारे शरीर शब्दांची वाट न पाहता स्वतःच लोकांसमोर उभे राहिले तर? ज्या शरीराला समाजाने दूर ठेवले, तेच आपल्या आजारासकट रंगमंचावर आले तर पाहणाऱ्याने काय करावे? कीव करावी, तोंड फिरवावे, की कला म्हणून त्याची पारख करावी? हा प्रश्न अमेरिकेत १९९४ साली मोठ्या तीव्रतेने उभा राहिला. तो उभा करणारा कलावंत काळा होता, आजारी होता, आणि त्याच्यावर झालेला आरोप आपल्या परिचयाचा आहे. म्हणून त्या वादाची हकीकत आपले कार्यकर्ते, विद्यार्थी व शिक्षक यांच्यापुढे ठेवावी असे मला वाटते.

प्रथम परफॉर्मन्स आर्ट म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. नाटकात नट दुसऱ्या कुणाचे तरी सोंग घेतो. मंचावर मेलेला राजा पडदा पडल्यावर उठून चहा पितो. परफॉर्मन्स आर्टमध्ये बहुधा सोंग नसते. तेथे कलावंताचे स्वतःचे शरीर हेच साहित्य असते, जसा चित्रकाराला रंग आणि कुंभाराला माती. १९६० नंतरच्या दोन दशकांत अमेरिका, युरोप व जपान येथे हा प्रकार जोमाने वाढला. त्यात जे रक्त दिसते ते खरे असते, आणि जो थकवा दिसतो तोही खरा. त्याच सुमारास आधुनिक नृत्यानेही राजकन्येच्या गोष्टी टाकून साधे चालणे, बोलणे, पडणे मंचावर आणले. नृत्य आणि परफॉर्मन्स आर्ट यांच्यामधली भिंत पातळ झाली.

जून १९८१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने लॉस एंजल्समधील पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध केली. पुढे ज्याला एड्स म्हणू लागले त्याची ही पहिली अधिकृत नोंद होय. रोग समलिंगी पुरुषांत प्रथम दिसला, म्हणून त्याला पापाचे फळ मानण्यात आले. न्यूयॉर्कमधील नाटकवाले, नर्तक, चित्रकार पटापट मरू लागले. परिणामकारक संयुक्त औषधोपचार १९९६ पासून मिळू लागले. तोपर्यंतची पंधरा वर्षे हा रोग म्हणजे जवळजवळ मृत्यूचे फर्मान होते. रोग्याच्या ताटवाटीची, कपड्यांची, स्पर्शाची लोकांना भीती वाटे. आजारी शरीर रंगमंचावर आले ते या काळात.

मार्च १९९४ मध्ये मिनियापोलिस शहरात रॉन अथी या एचआयव्हीबाधित कलावंताचा प्रयोग झाला. त्यातील एका प्रवेशात अथींनी डॅरिल कार्लटन या काळ्या सहकलावंताच्या पाठीवर बारीक छेद घेतले, रक्त कागदी रुमालांवर टिपले आणि ते रुमाल दोरीवरून प्रेक्षकांच्या डोक्यावरून फिरवले. स्थानिक वर्तमानपत्रात बातमी आली आणि बघता बघता देशभर बोभाटा झाला, की प्रेक्षकांवर एड्सचे रक्त ठिबकवले. वस्तुतः ज्याचे रक्त होते त्या कार्लटनला एचआयव्हीची बाधाच नव्हती. पण रक्त कुणाचे आणि ते कसले, हे तपासण्याची गरज फार थोड्यांना वाटली. या प्रयोगाला सरकारी कलानिधीतून अप्रत्यक्षपणे मिळालेली रक्कम सुमारे १५० डॉलर होती. तेवढ्यावरून अमेरिकेच्या सिनेटमध्ये जेसी हेल्म्स यांच्यासारख्या सिनेटरांनी रान उठवले.

या घटनेला इंग्रजी लेखनात 'दहशत' म्हटले जाते. आपल्याकडे यासाठी जुना आणि नेमका शब्द आहे: विटाळ. विटाळाला पुरावा लागत नाही. तो अंगाला लागण्याआधी मनाला लागलेला असतो. रोगाची लागण जंतूने होते आणि तिला उपाय करता येतो. विटाळाची लागण दृष्टीने होते, सावलीने होते, डोक्यावरून गेलेल्या दोरीनेही होते.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणात १९२९ सालच्या 'यंग इंडिया'मधील एक पत्र दिले आहे. काठेवाडातील एका अस्पृश्य शाळामास्तराची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. छाती भरून आली, श्वास लागेना. डॉक्टर वस्तीत यायला तयार होईना. गावातल्या वजनदार माणसांनी रदबदली केली, दोन रुपये फी ठरली, तेव्हा बाळंतिणीला वस्तीबाहेर आणण्याच्या अटीवर तो आला. त्याने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, मुसलमानाने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला लावला, आणि त्याच वाटेने तो परत डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात पारा पाहिला आणि न्यूमोनिया असल्याचे सांगितले. नाडी पाहिली नाही, छातीला हात लावला नाही. पुढे ती बाई मेली.

न शिवता केलेले निदान ते हे. मला ते केवळ वैद्यकाच्या इतिहासातले वाटत नाही. आपल्याकडच्या आणि परक्या देशातल्या समीक्षेतही ही रीत आढळते. ती दाखवण्यासाठी आता बिल टी. जोन्स यांच्याकडे वळतो.

जोन्स यांचा जन्म १९५२ सालचा, फ्लोरिडातला. आईबाप हंगामी शेतमजूर. पिके निघतील तिकडे जायचे आणि राबायचे. बारा भावंडांत हे दहावे. पुढे कुटुंब न्यूयॉर्क राज्याच्या ग्रामीण भागात स्थिरावले. १९७१ मध्ये विद्यापीठात त्यांची गाठ आर्नी झेन या गोऱ्या ज्यू तरुणाशी पडली. दोघे आयुष्याचे आणि कामाचे सोबती झाले. १९८२ मध्ये त्यांनी नृत्यसंस्था काढली. मार्च १९८८ मध्ये एड्समुळे झेन गेले. जोन्स यांनाही एचआयव्हीची बाधा होती आणि ती त्यांनी लपवली नाही.

झेन गेल्यानंतर १९८९ मध्ये जोन्स यांनी 'डी-मॅन इन द वॉटर्स' ही रचना केली. मेंडेलसनच्या संगीतावर नर्तक पाण्यात सूर मारावा तसे मंचावर झेपावतात, घसरतात, एकमेकांना झेलतात. संस्थेतला डेमियन ॲक्वाव्हेला हा नर्तक तेव्हा एड्सने खंगला होता, त्याचे पाय त्याला पेलत नव्हते. जोन्स यांनी त्याला उचलून मंचावर आणले. पायांचे काम जोन्स यांनी केले आणि हातांचे डेमियनने. दोन शरीरांचा मिळून एक नाच झाला. पुढल्या वर्षी डेमियन वारला. शिवणे या क्रियेला कलेत काय अर्थ येऊ शकतो, हे पाहायचे असेल त्याने या नाचाची माहिती करून घ्यावी.

यानंतरची मोठी रचना 'स्टिल/हिअर', म्हणजे 'अजून' आणि 'इथे'. तिच्यासाठी जोन्स यांनी अमेरिकेतल्या निरनिराळ्या शहरांत कार्यशाळा घेतल्या. आलेली माणसे नर्तक नव्हती. कुणाला कॅन्सर होता, कुणाला एचआयव्ही, कुणाला दुसरा एखादा जीवघेणा आजार. जोन्स त्यांना सांगत: स्वतःची ओळख एका हावभावाने करून द्या, आपले आयुष्य या खोलीत चालून दाखवा, कुठे वळण आले ते दाखवा, शेवट कसा दिसतो तोही सांगा. त्या हावभावांतून, चालींतून आणि शब्दांतून नृत्य बांधले गेले. ग्रेचेन बेंडर यांनी कार्यशाळांतील माणसांचे चेहरे व आवाज मोठ्या पडद्यांवर आणले. पहिल्या भागातील गाणी त्या माणसांच्याच शब्दांवरून केनेथ फ्रेझेल यांनी रचली, आणि ती ओडेटा या प्रख्यात काळ्या गायिकेने गायली. दुसऱ्या भागाचे संगीत व्हर्नन रीड यांचे होते. प्रत्यक्ष मंचावर मात्र नाचत होते ते संस्थेचे कसलेले नर्तक. १९९४ च्या सप्टेंबरात फ्रान्समधील लिआँ येथे पहिला प्रयोग झाला आणि वर्षअखेर न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये.

डिसेंबर १९९४ च्या अखेरीस 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकात आर्लिन क्रोची यांचा लेख आला. क्रोची या त्या काळच्या अमेरिकेतील सर्वांत वजनदार नृत्यसमीक्षक. लेखाच्या आरंभीच त्यांनी सांगून टाकले, की हा प्रयोग मी पाहिलेला नाही आणि त्याचे परीक्षण करण्याचा माझा विचारही नाही. मग पुढची कित्येक पाने त्या प्रयोगावर लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: खरोखरीच्या मरणोन्मुख माणसांना प्रयोगात आणून जोन्स यांनी स्वतःला समीक्षेच्या पलीकडे नेऊन ठेवले आहे. ज्यांची मला कीव करावी लागते, त्यांचे परीक्षण मी कसे करू? अशा कलेला त्यांनी बळींची कला म्हटले, आणि अपमानित काळे, छळ झालेल्या स्त्रिया, वंचित समलिंगी अशा साऱ्यांना या एकाच यादीत बसवले.

लेखावर मोठे वादळ उठले. कादंबरीकार जॉइस कॅरल ओट्स यांनी फेब्रुवारी १९९५ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मधून उत्तर दिले, की मानवी दुःखाची साक्ष देणाऱ्या कलेची परंपरा फार जुनी आहे. ती समीक्षेच्या चौकटीत बसत नसेल तर चौकट तपासली पाहिजे. क्रोची यांच्या बाजूनेही पुष्कळांनी लिहिले. आपण मात्र आपल्या जागेवरून हा आरोप तपासू. कारण दलित साहित्याला आक्रस्ताळे, एकसुरी, प्रचारकी म्हणणारे आणि 'हे समाजशास्त्र आहे, साहित्य नव्हे' असे सांगणारे जे कलावादी आपण पाहिले, त्यांची आणि क्रोची यांची भाषा एकाच घराण्याची आहे.

पहिला मुद्दा न पाहण्याचा. काठेवाडातल्या डॉक्टरने निदान थर्मामीटर तरी पाठवला होता. त्याच्या दुराव्याने एक जीव गेला आणि क्रोची यांच्या दुराव्याने एका नृत्यसंस्थेचे एक परीक्षण गेले, हा फरक मोठा आहे आणि तो पुसण्याचे कारण नाही. पण रीत तीच. जवळ न जाता ठरवायचे आणि ठरवल्यावर ते ज्ञान म्हणून सांगायचे. बलुतं आणि उपरा न वाचता त्यांच्याविषयी मत असलेली माणसे आपल्यालाही भेटलेली आहेत.

दुसरा मुद्दा रूपाचा. क्रोची प्रयोगाला गेल्या असत्या तर त्यांना दिसले असते, की रोगी माणसे पडद्यावर आहेत आणि त्यांचे हावभाव निरोगी, तयारीच्या नर्तकांच्या अंगातून येत आहेत. म्हणजे एका शरीरातला अनुभव दुसऱ्या शरीराने शिकला, त्याला लय दिली, क्रम दिला. याला रचना म्हणतात, आणि रचनेची समीक्षा करता येते. पडद्यावरचे चेहरे नाचाला झाकून टाकतात काय? दुसरा भाग पहिल्याइतका बांधीव आहे काय? हे सगळे विचारता येते, आणि विचारल्याने कुणा रोग्याचा अपमान होत नाही.

तिसरा मुद्दा कीव या भावनेचा. कीव करणाऱ्याचा हात नेहमी वर असतो. ती मागितली नसताना देऊ केली जाते, आणि नंतर 'आमच्याकडून जबरदस्तीने घेतली' अशी तक्रारही होते. जोन्स यांनी त्या माणसांना कार्यशाळेत बोलावले ते जाणकार म्हणून. मृत्यूकडे तोंड करून कसे उभे राहायचे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांच्याकडून ते शिकायला गेले होते. यात बळी कोण आहे? बळी हा शब्द समीक्षकाच्या बाजूने आला आहे.

काळ्या माणसाच्या आजारी शरीराकडे पाहण्याचा अमेरिकेचा इतिहासही येथे विसरता येत नाही. अलाबामातील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्यखात्याने सुमारे ६०० काळ्या पुरुषांवर निरीक्षण चालवले. त्यांतील ३९९ जणांना उपदंश होता. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना दिले नाही, रोग शरीर कसे खातो ते नोंदवत राहिले. तेव्हा काळ्या आजारी शरीराकडे कुणी पाहिलेच नाही असे नव्हे. पुष्कळ पाहिले, पण त्या शरीराला न विचारता पाहिले. जोन्स यांच्या मंचावर पाहण्याची सूत्रे प्रथम त्या शरीराच्या हाती आली. प्रस्थापितांना खुपले ते हेच असावे.

असे असले तरी क्रोची यांच्या लेखात एक काटा आहे आणि तो आपण काढून फेकू नये. दुःख हे कलेचे प्रमाणपत्र नव्हे. भोगले खूप म्हणून कविता चांगली झाली, असा हिशेब नसतो. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. दलित आत्मकथन शिकवताना वर्गात हमखास एक प्रश्न येतो: "सर, हे खरंच असं घडलं का?" मी हो म्हणतो. मुले हळहळतात आणि चर्चा संपते. उष्टे अन्न, मार, भूक एवढेच प्रसंग मुलांच्या लक्षात राहतात. लेखकाने तो प्रसंग कुठे तोडला, कुठे हसला, कोणता शब्द बोलीतला ठेवला, हे विचारायला कुणी उरत नाही. ही हळहळ हाही विटाळाचाच एक सभ्य प्रकार आहे. ती पुस्तकाला शिवत नाही. आणि आपलेच काही समीक्षक 'हे आमच्या माणसाने लिहिले आहे' म्हणून दोष झाकतात, तेव्हा तेही पुस्तकाला दुरूनच नमस्कार करत असतात.

आपल्या रंगमंचावर तर दुखणारे शरीर फार पूर्वीपासून उभे आहे. तमाशाच्या फडात मांग, महार, कोल्हाटी समाजातील कलावंतांनी पोटासाठी अंग झिजवले. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची हकीकत सर्वश्रुत आहे. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा आल्या, कनातीमागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या, असे सांगतात. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण त्या शरीराला थांबण्याची मुभा का नव्हती, हे विचारत नाही. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या कलावतीचे अखेरचे दिवस विपन्नावस्थेत गेले, आणि २००२ मध्ये त्या वारल्या. डेमियनला उचलून आणणारा एक सोबती होता. विठाबाईंना रात्रीची सुपारी पुरी करायची होती. शरीर रंगमंचावर आले एवढ्याने ते मुक्त होत नाही. कोणाच्या इच्छेने आले, आणि ते मंचावरून उतरल्यावर त्याला औषध व अन्न कोण देणार, हेही कलेचेच प्रश्न आहेत.

आंबेडकरी जलशांनी या प्रश्नाचे एक उत्तर दिले होते. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तमाशाचा साज घेतला, त्यातले गणगौळण काढून टाकले, आणि तेच शरीर रंजनासाठी नव्हे तर जागृतीसाठी उभे केले. पण जलशाचे शरीर धट्टेकट्टे, लढाऊ शरीर होते. आजारी, थकलेले, मरणाला सामोरे जाणारे शरीर आपल्या चळवळीने मंचावर फारसे आणलेले नाही. लढणाऱ्याने कण्हू नये, असा एक अलिखित दंडक आपण पाळत आलो.

तो आता मोडावा असे मला वाटते. ज्या ब्लॅक पँथरवरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने नाव घेतले, त्या संघटनेने मोफत दवाखाने चालवले होते आणि १९७१ पासून सिकलसेलच्या तपासणीची मोहीम हाती घेतली होती. त्यांच्या लेखी आजार हा राजकीय प्रश्न होता. सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्तदोष आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि सांध्यांत, हाडांत असह्य कळा उठतात. आपल्या विदर्भातील आदिवासी आणि दलित समाजांत हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. रोगी दुखणे लपवतो, लग्न जुळवताना घरचे ते लपवतात. अशा गावात दहा रोगी आणि दहा निरोगी तरुण एका खोलीत बसले, रोग्यांनी आपली कळ कशी उठते ते हातांनी दाखवले, निरोग्यांनी ती चाल शिकून घेतली आणि पथनाट्याच्या रिंगणात उभी केली, तर ते जोन्स यांचे अनुकरण ठरणार नाही. जलशाचेच पुढचे पाऊल ठरेल.

असे प्रयोग होतील तेव्हा काही फसतील, काही रडके होतील, काही नुसत्या घोषणा देतील. त्यांना सूट देऊ नये. समीक्षकाने फक्त एवढे करावे: आधी रिंगणाजवळ यावे, खाली बसावे, शेवटपर्यंत पाहावे. मग वाईट वाटले तर वाईट म्हणून खुशाल लिहावे.